एक घाट, चौदा पासपोर्ट

आमच्या ट्रॉयमध्ये डोंगर नाही. मिशिगनचा हा भाग पोळपाटासारखा सपाट आहे. पावसाचं पाणीसुद्धा कुठल्या बाजूला वाहावं याचा विचार करत बराच वेळ उभं राहतं. गावातली सगळ्यांत उंच जागा म्हणजे हायवेवरचा पूल, आणि त्याच्या खालोखाल गावाबाहेरची एक टेकडी. ती आतून कचऱ्याची आहे, वरून गवत लावलंय. अशा गावात राहून सेहेचाळीसाव्या वर्षी मला आल्प्समध्ये पायी चालायची हुक्की आली, याचा दोष लोकांनी माझ्या वयाला दिला. मी तो लायब्ररीला देते.

लायब्ररीवाले दर वसंतात जुनी पुस्तकं काढून टाकतात. २००४ सालच्या त्या ढिगात मला एक पातळ, हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक सापडलं. कुणा निवृत्त इंग्रज शाळामास्तरांनी लिहिलेलं, स्वित्झर्लंडच्या डोंगरवाटांबद्दल. आतल्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का १९८३चा. म्हणजे एकवीस वर्षांपूर्वी ट्रॉयमधल्या कुणीतरी हे पुस्तक घरी नेलं होतं. तो माणूस गेला का डोंगरात? की हायवेचा पूल चढून समाधान मानलं? मला अशा गोष्टी उगाच छळतात.

मास्तर मोठे तपशीलवार. कुठल्या वळणावर गाई वाट अडवतात, कुठल्या नळाचं पाणी प्यावं, कुठल्या झोपडीतली बाई तुसडी आहे, सगळं सांगतात. (ती बाई आता नव्वदीची असेल. अजून तुसडी असेल का?) पुस्तकात चार दिवसांची एक वाट होती. रोज संध्याकाळी डोंगरातल्या एका झोपडीत मुक्काम, आणि तिसऱ्या दिवशी घाटमाथा. माथ्यावर एक दगड. दगडाच्या अलीकडे स्वित्झर्लंड, पलीकडे इटली. तिथं पोहोचल्यावर मास्तर लिहितात, ‘येथून पलीकडचे दृश्य सर्वस्वी निराळे आहे.’ आणि प्रकरण संपतं.

मी पान उलटलं, परत उलटलं. पुढचं प्रकरण पायातल्या मोज्यांवर होतं.

निराळं म्हणजे काय? शेजारणीनं कुंपणापाशी थांबवून ‘तुला एक सांगायचं होतं, पण जाऊ दे’ म्हणावं आणि घरात निघून जावं, तसं झालं मला. आठ दिवस मी भाजी परतताना निराळंच काय असेल याचा विचार करत होते. मग ठरवलं की आपण तिथं जायचं. त्या घाटावर आपल्या पायांनी चढायचं आणि पलीकडं बघायचं. माझ्या आयुष्यात मी इतकी साधी आणि इतकी स्पष्ट इच्छा दुसरी केल्याचं आठवत नाही.

पुस्तकाच्या शेवटी नकाशा होता, त्यावर वेड्यावाकड्या गोल रेघा. त्या समजायला मला आठवडा लागला. मी काही भूगोल शिकलेली नाही. पण स्वयंपाकघर आहे. एक मोठा वाकडातिकडा बटाटा घेतला, अर्धा कापला, पालथा ठेवून त्याच्या आडव्या चकत्या केल्या आणि एकेक चकती कागदावर ठेवून पेन्सिलनं कडेकडेनं गिरवली. नकाशा तयार! जिथं बटाटा उभा, तिथं रेघा जवळजवळ. जिथं पसरट, तिथं लांबलांब. त्या शोधाच्या आनंदात मी टेबलावर हात आपटला. त्या रात्री आमच्याकडे डोंगराच्या काचऱ्या होत्या.

काचऱ्या वाढता वाढता मी विषय काढला. “अहो, आपण आल्प्समध्ये चालायला जाऊया.”

“चालायला?” प्रल्हाद म्हणाला. “चालायला घरात ट्रेडमिल आहे. त्याच्यावर तुझ्या ओढण्या वाळत असतात.”

प्रल्हादबद्दल एक सांगायला हवं. तो मोटारींच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत आहे. एखाद्या सीटवर पाच लाख वेळा माणूस बसला तर ती कुठं दबेल, हे तो शोधतो. ज्या माणसाचा पेशाच बसण्याचा, त्याच्यापुढं मी चालण्याची गोष्ट काढत होते.

“मॉम, इज धिस अ मिडलाइफ थिंग?” इशितानं विचारलं. ती सोळा वर्षांची आहे. पुण्याहून आलो तेव्हा दहाची होती आणि अखंड मराठी बडबडायची. आता मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. आमचं घर म्हणजे कायमची दुभाषी परिषद.

“बघू,” प्रल्हाद शेवटी म्हणाला. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे पन्नास टक्के मंजुरी. उरलेले पन्नास टक्के ग्रीन कार्डाच्या हातात होते. अर्ज करून चार वर्षं झाली होती आणि तेव्हा आमच्या आयुष्यातलं सगळंच पेंडिंग होतं. भिंतीला रंग? ग्रीन कार्ड होऊ दे. मांजर? ग्रीन कार्ड होऊ दे. ते येईपर्यंत देशाबाहेर जायचं तर परत येण्यासाठी एक कागद लागतो, त्याचं नाव अ‍ॅडव्हान्स पॅरोल. तुरुंगातल्या माणसाला भाच्याच्या लग्नाला सोडतात, तोच शब्द. तो अर्ज मी भरला, फोटो काढले, बोटांचे ठसे दिले, आणि मनात म्हटलं, झालं, आता डोंगरच उरला.

इथं माझी चूक झाली. माझी म्हणजे आपल्या सगळ्यांचीच म्हणा.

कांचन आणि रवींद्र दोन्ही मुलांना घेऊन आमच्याकडे जेवायला आले होते. कांचन माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण सल्ल्यांच्या बाबतीत माझी आजी. निघताना दारात, बूट घालता घालता, तिनं विचारलं, “मग उन्हाळ्यात काय करताय, नीलाताई?” मी सांगितलं. ती म्हणाली, “अय्या, कित्ती छान!” आता अशा वेळी आपण काय म्हणतो? दारातल्या माणसाला ‘या ना तुम्ही पण’ असं म्हणतो. ते म्हणायचंच असतं. आणि समोरच्यानं ‘छे गं, आम्हाला कुठलं जमतंय’ असं म्हणायचं असतं. शेकडो वर्षं हे असंच चालू आहे. दोन्ही बाजूंनी नियम पाळले म्हणून तर समाज टिकला.

“या ना तुम्ही पण,” मी म्हटलं.

“चालेल!” कांचन म्हणाली.

दारातून आत थंड वारा येत होता, म्हणून मी पटकन दार लावलं. तेवढ्यात तिघांचे सात झाले होते. पुढच्या शनिवारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कांचननं ही बातमी आणखी दोन कुटुंबांना सांगितली, बहुधा दारातच, कारण सोमवारपर्यंत आम्ही चौदा झालो.

रवींद्र मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. त्यानं आपल्या बेसमेंटमध्ये किक-ऑफ मीटिंग ठेवली. पडद्यावर तक्ता. पहिल्या रांगेत ‘प्रोजेक्ट ओनर: रवींद्र’. मी माझं नाव शोधत खाली खाली गेले. नवव्या रांगेत सापडलं: ‘नीलांबरी: स्नॅक्स’.

ज्या बाईनं बटाटा कापून आल्प्स समजून घेतला, तिच्याकडे चकल्या! मी चहाचा कप जरा जोरात ठेवला.

“वहिनी, तुमचा तो घाट चौथ्या दिवशी टाकलाय,” रवींद्र उदारपणे म्हणाला. “पण आधी रिस्क बघू. ही झोपडी म्हणजे नक्की काय सिस्टीम आहे?”

मी तिथं पत्र पाठवून सगळं विचारलं होतं. झोपडीवाल्यांनी फॅक्स करून सविस्तर उत्तर दिलं होतं, तो कागद मी वाचून दाखवला. रस्ता नाही, पीठ आणि बटाटे आठवड्यातून एकदा तारेवरच्या पाळण्यातून वर येतात. आंघोळीची सोय नाही. झोपायला एक लांबच लांब गादी, भिंतीपासून भिंतीपर्यंत, त्यावर सगळे ओळीनं.

“सगळे म्हणजे?” कांचननं विचारलं.

“सगळे. जे आले असतील ते.”

“म्हणजे माझ्या एका बाजूला रवी आणि दुसऱ्या बाजूला कुणी जर्मन?”

“तुला कड मिळाली तर नाही.”

कांचननं रवींद्रकडं पाहिलं. मी मनातून खूश झाले. म्हटलं, आता हे सगळे आपापल्या घरी जातील आणि आम्ही तिघं घाटावर. पण आपली माणसं सहज सहज माघार घेत नाहीत. माणसांनी माघार घेतली नाही, डोंगरानं घेतली. तासाभरात चार दिवसांची वाट तक्त्यातून गेली आणि तिच्या जागी आली वातानुकूलित बस, स्वयंपाकाला एक गुजराती महाराज, दुपारी गरम वरण-भात. चालण्याच्या रकान्यात ‘तळ्याकाठी फेरफटका, चाळीस मिनिटं’. साहसाच्या रकान्यात ‘पॅराग्लायडिंग (ऐच्छिक)’, आणि त्यावर कांचनचा प्रश्न, की तो पट्टा पंजाबी ड्रेसवरून बसतो का.

“आणि इटली?” मी विचारलं.

“आउट ऑफ स्कोप, वहिनी. वेगळा व्हिसा लागतो. एक देश, एक व्हिसा, रिस्क कमी.”

तो चुकत नव्हता. त्या वर्षी स्वित्झर्लंडचा व्हिसा वेगळा आणि इटलीचा वेगळा. गाईंना लागत नसावा. मी ठरवलं, आपला इटलीचा व्हिसा आपण काढायचा. फॉर्म मागवला. त्यात विचारलं होतं, ‘कोणत्या नाक्यावरून प्रवेश करणार?’ मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘दगड.’ मग खोडून लिहिलं, ‘घाटमाथा, पायी.’ सगळं भरून झालं आणि मग लक्षात आलं की पासपोर्ट घरात नाहीत. रवींद्रनं चौदाच्या चौदा गोळा करून, रबरबँड लावून, शिकागोच्या स्विस वकिलातीत नेऊन दिले होते. दोन पोरांचे निळे अमेरिकन पासपोर्ट, ज्यांना व्हिसा लागतच नव्हता, तेही त्यानं नेले. खिडकीतल्या बाईनं ते सभ्यपणे परत दिले. बाकीचे बारा शिक्के होऊन आले तेव्हा विमानाला सहा दिवस उरले होते. इटलीला लागणार होते पंधरा. एका पासपोर्टाला दोन ठिकाणी राहता येत नाही, ही गोष्ट इतकी साधी आहे की तक्त्यात तिला रकानाच नव्हता.

इटलीचा फॉर्म मी मास्तरांच्या पुस्तकात घालून ठेवला. पण सराव सोडला नाही. सपाट गावात चढाचा सराव कुठं करणार? मी मॉलचं पाच मजली पार्किंग शोधलं होतं. पाठीवर इशिताचं जुनं शाळेचं दप्तर, त्यात तूरडाळीच्या दोन पिशव्या आणि वर दोन किलो पोहे. रोज सकाळी दुकानं उघडायच्या आधी सहा वेळा वर, सहा वेळा खाली. तिसऱ्या दिवशी सुरक्षारक्षकानं थांबवलं.

“मॅडम, गाडी सापडत नाही का?”

“गाडी खालीच आहे.”

“मग वर काय आहे?”

“हेच बघायचंय,” मी म्हटलं. त्यानं दप्तर उघडायला लावलं. डाळ बघितली. एक दाणा हातात घेऊन वास घेतला. पुढच्या आठवड्यात तो माझ्याबरोबर दुसऱ्या मजल्यापर्यंत चालायला लागला. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं म्हणे. इशितानं एकदा हे गाडीतून पाहिलं आणि सीटमध्ये खाली सरकली. “मॉम, यू आर क्लाइंबिंग अ पार्किंग लॉट. विथ दाल.”

तर आम्ही गेलो. बस, महाराज, वरण-भात. तळी सुंदर होती, नाही म्हणत नाही. आम्ही ती काचेतून पाहिली. चौथ्या दिवशी तक्त्यात लिहिलं होतं, ‘मोकळा वेळ (खरेदी): सकाळी आठ ते संध्याकाळी सहा’. आणि आम्ही उतरलो होतो त्या गावाच्या नकाशावर मला ओळखीच्या रेघा दिसल्या. माझा बटाटा! तिथून पिवळी पोस्टाची बस, टपालाबरोबर माणसंही नेणारी, शेवटच्या खेड्यापर्यंत जाते आणि तिथून वर एक वाट निघते. मास्तरांच्या वाटेला थेट माथ्यावर भेटणारी. चार दिवस नाही, तर नाही. एका दिवसात घाट होत होता.

“मी आज चालायला जातेय,” मी नाश्त्याला जाहीर केलं. ‘या ना तुम्ही पण’ म्हटलं नाही. जीभ दातांत धरली.

“एकटी?” कांचन म्हणाली. “घड्याळं घ्यायची होती ना आपण!”

प्रल्हाद उठला आणि माझ्याबरोबर बसपर्यंत आला, बसमधून शेवटच्या खेड्यापर्यंत आला. तिथं एक लाकडी बाक होतं. तो त्यावर बसला, पाठ टेकवली, डावी-उजवीकडं कलून पाहिलं, डोळे मिटले. “पाठीला आधार चांगला दिलाय,” म्हणाला. मला कळलं, हा इथून पुढं येणार नाही. मग त्यानं डोळे उघडले आणि आवाज खाली आणला.

“हे बघ, दगडापर्यंत जा. पलीकडं पाऊल टाकू नकोस.”

“तिथं कोण बघतंय?”

“तेच तर. कोण बघतंय ते आपल्याला कळत नाही. बोटांचे ठसे दिलेत आपण. उद्या मुलाखतीत विचारलं, की बाई, तुम्ही अमुक तारखेला व्हिसा नसताना इटलीत होतात का, तर काय सांगशील? चार वर्षं, नीलू. चार वर्षं!”

मी शपथ घेतल्यासारखी मान हलवली आणि निघाले.

तिथं पाट्यांवर अंतर लिहीत नाहीत, वेळ लिहितात. पाटी म्हणत होती, दोन तास चाळीस मिनिटं. कुणाचे? मास्तरांचे असतील. माझे चार तास झाले. पहिला तास मी गाईंशी बोलत गेले. दुसऱ्या तासात गाईच माझ्याकडं कीव आल्यासारख्या बघत होत्या. तिसऱ्यात रेघा जवळजवळ आल्या, पायाखाली कळलं ते. गुडघे पार्किंगची आठवण काढत होते. पण मधेच थांबून मागं वळून पाहिलं की खालचं खेडं बटणाएवढं झालेलं असायचं, आणि मला वाटायचं, हे मी केलं. डाळ वाहून केलं.

चौथ्या तासाअखेर दगड आला. गुडघ्याएवढा, चुना फासलेला, दोन्ही बाजूंना वेगवेगळी अक्षरं. मी त्याला धरून उभी राहिले, श्वास घेतला, मान वर केली आणि पलीकडं पाहिलं.

पलीकडं एक उंचवटा होता.

नुसता गवताचा उंचवटा. दगडापासून जमीन आणखी थोडी चढत जात होती आणि मग संपत होती. पुढचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी टाचा उंचावल्या. दगडावर चढून पाहिलं. (तो दोन्ही देशांचा आहे, माझा अर्धा अधिकार होता.) दिसेना. आणि तिथं, त्या दगडावर उभी असताना, मला उमगलं की माझ्या मास्तरांनी पलीकडचं पाहिलंच नव्हतं! या दगडापाशी उभं राहून ‘येथून पलीकडचे दृश्य’ असं कुणीही लिहू शकत नाही, कारण येथून दृश्यच नाही. त्या गृहस्थांनी कुणाकडून तरी ऐकून ठोकून दिलं होतं. का थांबले असतील? दमले होते? त्यांनाही कुणी खाली बाकावर बसून बजावलं होतं?

तेवढ्यात उंचवट्यावर एक डोकं वर आलं. मग लालबुंद चेहरा, मग अख्खी बाई. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच धापा टाकणारी. ती सरळ दगडापाशी आली, दगड ओलांडून माझ्या बाजूला उभी राहिली, कमरेवर हात ठेवून माझं खोरं बघू लागली. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून स्वतःच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि हातानं पलीकडं दाखवलं. शब्द एक कळला नाही, अर्थ सगळा कळला. जा की, बघ की, तिकडंही आहे.

मी चार वर्षांचा विचार केला. बोटांच्या ठशांचा केला. इशिताच्या कॉलेजचा केला. आणि मग चालू लागले. मोजत. एक, दोन, तीन. पाठीमागं कुणी ओरडलं नाही. अकरा, बारा. सतराव्या पावलाला जमीन संपली.

माझ्या बाजूला सगळं हिरवं होतं, विंचरल्यासारखं. कुंपणं, गाई, घरं. इकडं काही नव्हतं. नुसता दगड, खाली खाली जाणारा, करडा, उघडा, आणि पार तळाशी एक इवलं तळं, शाईची दौत सांडल्यासारखं निळं. एक झाड नाही, एक छप्पर नाही. पण वारा गरम होता. स्वयंपाकघराचं दार उघडल्यावर येतो तसा. मी किती वेळ उभी होते माहीत नाही. सर्वस्वी निराळं होतं. मास्तरांनी ऐकून ठोकलं, पण खरं ठोकलं.

परत आले तेव्हा ती बाई दगडावर बसून उकडलेलं अंडं सोलत होती. मी तिला चकली दिली, तिनं मला अंडं दिलं. मग ती तिकडं उतरली, मी इकडं.

प्रल्हाद बाकावरच होता. मला पाहून उभा राहिला, माझ्या बुटांकडे बघितलं, जणू त्यांना इटली लागलेली दिसणार होती.

“टाकलंस?”

“टाकलं.”

“किती?”

“सतरा.”

“आणि परत?”

“सतराच.”

त्यानं डोळे मिटले, सीट तपासताना मिटतो तसे. मग म्हणाला, “म्हणजे एंट्री झाली, एक्झिटही झाली. पेंडिंग काही नाही.”

पिवळी बस आली. आम्ही मागच्या बाकावर बसलो. तीन वळणं तो खिडकीबाहेर बघत होता. चौथ्या वळणावर माझ्याकडं सरकला.

“काय होतं गं पलीकडं?”

मी सांगायला लागले. उंचवटा, ती बाई, करडा दगड. तळ्यापर्यंत आले तसा माझा आवाज चढत गेला. त्यानं माझा हात दाबला.

“हळू. ड्रायव्हर इटालियन दिसतोय.”